जोडीने चालणारे सर्व्हर आणि अँटिव्हायरस

दौंड स्थानकाच्या आरक्षण खिडकीपाशी किंवा शिरूरच्या एखाद्या सेवा केंद्रात सातबाऱ्यासाठी उभे असताना "सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळाने या" हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळाच. शाळेतही विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायला बसलेल्या शिक्षकांच्या ते परिचयाचे आहे. या वाक्यामागे बहुतेक वेळा साधी कारणे असतात. केबल तुटलेली असते, वीज गेलेली असते, नाहीतर एकाच वेळी फार लोक आलेले असतात. पण एक कारण असेही आहे की जे ऐकून नवल वाटावे. संगणकाला विषाणूंपासून वाचवण्यासाठी बसवलेला अँटिव्हायरसच कधी कधी सर्व्हरला आडवा करतो. शाळेतल्या संगणकावर अँटिव्हायरस नसेल तर आपण काळजी करतो, आणि ती योग्यच आहे. मग ज्या यंत्रात लाखो लोकांच्या नोंदी आहेत, तिथे तो जपून का बसवावा लागतो?

हे समजण्यासाठी आधी त्या नोंदी कोठे असतात ते पाहू. दौंडच्या खिडकीतल्या संगणकात एकाही बर्थची यादी नसते. तो फक्त विचारतो आणि उत्तर छापतो. रेल्वेची संगणकीय आरक्षणे १९८५ साली दिल्लीत सुरू झाली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली व १९९९ पर्यंत ती एकमेकांना जोडली गेली. त्यामुळेच दौंडमध्ये बसून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले. सातबाऱ्याचेही तसेच आहे. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात असे. आता नोंद डेटाबेसमध्ये असते आणि आपल्या हाती येतो तो तिचा उतारा. डेटाबेस म्हणजे नोंदींची अशी वही, जिच्यात एकाच वेळी शेकडो लोक वाचत असतात, लिहीत असतात, आणि तरीही एक बर्थ दोघांना किंवा एक गुंठा दोन खरेदीदारांना जाता कामा नये.

अशी वही एकाच यंत्रावर ठेवणे धोक्याचे असते. यंत्राचा वीजपुरवठा जळला की सगळेच थांबते. म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर जोडून त्यांचा एक गट करतात. याला क्लस्टर म्हणतात. शिक्षकांना हा शब्द नवा नाही. केंद्रप्रमुखांचे जे 'केंद्र', त्यालाच सरकारी इंग्रजीत क्लस्टर म्हणतात. संगणकाच्या क्षेत्रात ही कल्पना १९८३ च्या सुमारास डेक या अमेरिकी कंपनीने व्हॅक्स यंत्रांसाठी बाजारात आणली. आपल्या रेल्वेचे आरक्षणही कित्येक वर्षे याच कंपनीच्या व्हीएमएस कार्यप्रणालीवर चालले. विंडोज वापरणाऱ्या सर्व्हरना ही सोय १९९७ मध्ये मिळाली. तिची सर्वांत साधी रचना अशी असते: दोन सर्व्हर आणि दोघांनाही पोहोचता येईल अशी एक सामायिक डिस्क. वही त्या डिस्कवर असते. एका वेळी एकच सर्व्हर तिच्यात लिहितो, दुसरा तयारीत बसून असतो. पहिला बंद पडला की दुसरा डिस्क ताब्यात घेतो, अर्धवट राहिलेले व्यवहार तपासतो आणि काम पुढे चालू करतो. खिडकीतल्या माणसाला तेवढा अर्धा-एक मिनिट संगणक अडखळल्यासारखा वाटतो.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. पहिला सर्व्हर खरोखरच बंद पडला आहे, हे दुसऱ्याने कसे ओळखावे? आणि तो बंद पडलेला नसतानाच दुसऱ्याने लिहायला सुरुवात केली तर?

दौंडकरांना याचे उत्तर रेल्वेतच सापडेल. दौंड-मनमाड मार्ग कित्येक दशके एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत होती. पुढच्या खंडाचे टोकन हातात पडल्याशिवाय चालकाने गाडी न्यायची नाही. वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या पाकिटात हे टोकन घालून फलाटावर माणूस उभा राही आणि चालत्या इंजिनातून ते उचलले जाई. खंडाच्या दोन्ही टोकांच्या स्थानकांतली टोकनची यंत्रे विजेने एकमेकांशी अशी बांधलेली असत की एक टोकन बाहेर असेतो दुसरे निघतच नसे. क्लस्टरमध्ये डिस्कवरचा ताबा म्हणजे हे टोकन होय. दोन्ही सर्व्हर स्वतःला मालक समजून एकाच वहीत लिहू लागले तर जी समोरासमोर टक्कर होते, तिच्यातून नोंदी वाचवणे फार कठीण असते. म्हणून क्लस्टरची सगळी रचना या एका भीतीभोवती झालेली आहे. संशय आला तर थांबायचे, पण दोघांनी लिहायचे नाही.

ओळख पटवण्यासाठी दोन उपाय असतात. सर्व्हर एकमेकांना सतत एक छोटा संदेश पाठवत राहतात, नाडीच्या ठोक्यासारखा. विंडोजच्या क्लस्टरमध्ये हा ठोका सेकंदाला एक असतो. २०१२ च्या आवृत्तीपर्यंत लागोपाठ पाच ठोके चुकले की समोरचा गेला असे धरत. २०१६ च्या आवृत्तीत ही मर्यादा दहावर नेली. दुसरा उपाय असा की, क्लस्टरची देखरेख करणारा प्रोग्रॅम डेटाबेसला ठरावीक सेकंदांनी एक लहानसा प्रश्न विचारतो. उत्तर वेळेत आले तर तो जिवंत, नाही आले तर मेला. शिवाय दोघांमधली तारच तुटली तर निवाडा करण्यासाठी तिसरे मत लागते. ते बहुधा एका छोट्या डिस्कचे असते. तिला साक्षीदार डिस्क म्हणतात.

ही कसोटी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. संथ झालेला आणि मेलेला यांतला फरक बाहेरून कळत नाही. उत्तर येत नाही एवढेच दिसते. माणसाच्या बाबतीत आपण जवळ जाऊन हलवून पाहतो. सर्व्हरला ती सोय नाही, त्याच्याकडे फक्त घड्याळ आहे.

आता अँटिव्हायरसकडे वळू. १९९० च्या दशकात फ्लॉपीवरून विषाणू पसरत होते, तेव्हा पुण्यातच काटकर बंधूंनी क्विक हील हा अँटिव्हायरस तयार केला, हे अनेक वाचकांना माहीत असेल. अशा प्रोग्रॅमचे मूळ काम साधे आहे. कार्यप्रणाली आणि डिस्क यांच्या मधल्या वाटेवर तो बसतो. कोणताही प्रोग्रॅम एखादी फाइल उघडू लागला की तो ती विनंती अडवतो, फाइलचा मजकूर ओळखीच्या विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहतो आणि मगच वाट मोकळी करतो. पत्राच्या किंवा प्रश्नपत्रिकेच्या फाइलला यासाठी सेकंदाचा लहानसा अंश लागतो. आपल्याला तो जाणवतही नाही.

डेटाबेसची फाइल मात्र वेगळ्या जातीची असते. ती शेकडो गिगाबाइटची असू शकते. सर्व्हर सुरू होताना ती एकदा उघडली की महिनोन्महिने बंद होत नाही, आणि तिच्यात आठ-आठ किलोबाइटच्या पानांची ये-जा सेकंदाला हजारो वेळा चाललेली असते. वाटेवर बसलेल्या पहारेकऱ्याने यातल्या प्रत्येक हालचालीत थोडा जरी वेळ घेतला, तरी रांग वाढत जाते. रांग वाढली की देखरेखीच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा येते. उत्तर उशिरा आले की क्लस्टर पहिल्या सर्व्हरला मृत ठरवतो आणि काम दुसऱ्याकडे देतो. दुसरा सर्व्हर डिस्क ताब्यात घेतो. त्याच्यावरही तोच अँटिव्हायरस बसलेला असतो. त्याला ही डिस्क नवीन दिसते, म्हणून तो ती तपासायला घेतो. डेटाबेसला आपली फाइल उघडायची असते, पण ती आधीच पहारेकऱ्याच्या हातात असते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशा वेळी तो डेटाबेस 'संशयास्पद' म्हणून बाजूला ठेवला जाऊ शकतो. म्हणजे वही शाबूत आहे, दोन्ही सर्व्हर चांगले आहेत, विषाणू कोठेच नाही, आणि तरीही शिरूरच्या माणसाला सांगितले जाते की थोड्या वेळाने या.

हा प्रकार वर्गात करून दाखवता येतो. फळ्यापाशी एका विद्यार्थ्याला उभे करावे. इतर मुले त्याला एकेक नाव सांगतील आणि तो ती फळ्यावर उतरवील. लिहितालिहिता त्याने दर दोन सेकंदांनी डाव्या हाताने बाकावर टकटक करावी. दुसऱ्या विद्यार्थ्याला फळ्याकडे पाठ करून उभे करावे. पाच टकटक चुकल्या की त्याने वळून खडू घ्यायचा, एवढेच त्याचे काम. काही वेळ सारे सुरळीत चालेल. मग तिसऱ्या मुलाला पहारेकरी करावे. प्रत्येक नाव लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याचे दोन्ही हात धरून त्याने ते नाव आपल्याकडच्या शंभर नावांच्या यादीत शोधायचे. टकटक चुकेल, दुसरा खडू घेईल, आणि पहारेकरी आता त्याचे हात धरील. लवकरच खडू नुसता इकडून तिकडे फिरू लागतो आणि फळ्यावर एकही नाव येत नाही. प्रयोगाचा दुसरा भाग आणखी बोधप्रद आहे. दोघांकडेही खडू द्यावा आणि टकटक चुकताच दुसऱ्याने पहिल्याला न विचारता त्याच ओळीवर लिहावे. टोकनची गरज मग समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. त्याहून मोठा धोका अँटिव्हायरसच्या दुसऱ्या सवयीत आहे. संशयास्पद फाइल सापडली की तो ती उचलून वेगळ्या जागी बंद करून ठेवतो. डेटाबेसच्या फाइलमध्ये लाखो लोकांनी पाठवलेले अर्ज, पत्रे, कागदांच्या प्रती असतात. त्यांतल्या एखाद्या जोडपत्रात विषाणूची खूण असू शकते, किंवा निव्वळ योगायोगाने अंकांचा एखादा क्रम तसा जुळू शकतो. पोत्यात एक किडा दिसला म्हणून अख्खे गोदाम सीलबंद करावे तसा हा न्याय होतो. शिवाय तो किडा तिथे काही करूही शकत नसतो. विषाणू हा प्रोग्रॅम आहे. तो चालवला तरच काम करतो. डेटाबेसच्या पानात तो फक्त साठवलेला मजकूर असतो, पुस्तकात छापलेल्या सापासारखा. धोका असतो तो ते जोडपत्र बाहेर काढून कोणीतरी आपल्या संगणकावर उघडले तर, आणि तपासणीची जागाही तीच आहे.

म्हणून अनुभवी लोक क्लस्टरवर अँटिव्हायरस बसवतात, पण त्याला काही दारे वर्ज्य करून देतात. डेटाबेसच्या मुख्य फाइली, व्यवहारांची रोजनिशी आणि बॅकअपच्या फाइली, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमधल्या एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ, बीएके, टीआरएन या आडनावांच्या फाइली, त्याने उघडायच्या नाहीत. साक्षीदार डिस्क आणि विंडोजमधला क्लस्टरचा फोल्डर यांना हात लावायचा नाही. खुद्द डेटाबेस चालवणारा प्रोग्रॅम जे वाचतो-लिहितो, त्यात अडथळा आणायचा नाही. मायक्रोसॉफ्टनेच अशी यादी प्रसिद्ध केलेली आहे. आणि हे सारे दोन्ही सर्व्हरवर सारखे करावे लागते. आमच्या मते चूक होण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे. पहिल्या सर्व्हरवर सगळे नीट केलेले असते, पण दुसरा वर्षानुवर्षे नुसता बसून असल्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि त्याची पाळी नेमकी संकटातच येते.

वर्ज्य दारांची यादी जितकी छोटी तितकी बरी. हल्लेखोरांनाही ती माहीत असते. ज्या फोल्डरकडे पहारेकरी पाहत नाही तिथेच ते आपला प्रोग्रॅम आणून ठेवतात. म्हणून त्या फोल्डरमध्ये डेटाबेसशिवाय दुसरे काहीच नसावे, आणि तिथे लिहिण्याचा अधिकार डेटाबेसच्या खात्याखेरीज फार थोड्यांना असावा.

मग इतका त्रास असेल तर अशा सर्व्हरवर अँटिव्हायरस नकोच, असे काही जण म्हणतात. ते आम्हाला पटत नाही. पण त्यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे. डेटाबेसच्या सर्व्हरवर आलेला सर्वांत गाजलेला किडा अँटिव्हायरसला दिसलाच नसता. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेला 'स्लॅमर' अवघा ३७६ बाइटचा होता. या परिच्छेदाहूनही लहान! तो फाइल म्हणून डिस्कवर कधी उतरलाच नाही. नेटवर्कवरून एका पाकिटात यायचा, एसक्यूएल सर्व्हरच्या स्मरणात घुसायचा आणि तिथूनच पुढची पाकिटे सोडू लागायचा. फाइली तपासणारा पहारेकरी दारात उभा असताना हा खिडकीतून आत जात होता. सुरुवातीला तो साधारण दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होई. सुमारे ७५,००० यंत्रे त्याने गाठली, आणि गाठता येण्याजोग्या यंत्रांपैकी ९० टक्के दहा मिनिटांत त्याच्या ताब्यात गेली. वरच्या वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. एकापासून सुरुवात केली तर सोळा वेळा दुप्पट होऊन ६५,५३६ होतात. याला किती वेळ लागेल? हिशेबाने सव्वादोन मिनिटांच्या आसपास उत्तर येते. प्रत्यक्षात जास्त वेळ लागला, कारण किड्याने स्वतःच वाटा तुंबवल्या होत्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवण्याची दुरुस्ती सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच, उपलब्ध होती. ज्यांनी ती बसवली होती त्यांची यंत्रे वाचली. डेटाबेसचे दार बाहेरच्या जगाला उघडे ठेवण्याचेही कारण नव्हते.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुणे जिल्ह्यातला परदेशी जाणारा बराच माल न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जातो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्या बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. या समूहाच्या संगणकांवर कोणी काय वापरावे याची सूची एका डेटाबेसमध्ये होती, आणि तिच्या प्रती जगभरच्या सुमारे दीडशे सर्व्हरवर होत्या. प्रत्येक प्रत बाकीच्यांशी सतत जुळवून घेई. एक गेली तर दुसरीवरून उभी करता येईल असा विश्वास होता. त्या दिवशी जवळजवळ सगळ्याच एकदम गेल्या. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार एकच प्रत उरली, ती आफ्रिकेतल्या घानामधली. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता. भारनियमनाचे असे उपकार आपल्याकडेही कोणी मोजले नसतील. ती डिस्क माणसाच्या हातून विमानाने इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून समूहाची यंत्रणा पुन्हा उभारली.

यावरून दोन गोष्टी दिसतात. प्रोग्रॅम म्हणून चालणाऱ्या विषाणूला अडवायला सर्व्हरवर पहारेकरी लागतोच. आणि क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. क्लस्टर यंत्राच्या मृत्यूपासून वाचवतो, वहीच्या नाशापासून नाही. सामायिक डिस्कवरची नोंद खंडणीखोराने कुलूपबंद केली तर दोन्ही सर्व्हरना तेच कुलूप दिसते. एखाद्या शेतकऱ्याच्या फेरफाराची नोंद अशी गेली, तर ती परत आणायला नेटवर्कपासून तोडून ठेवलेली, तारीखवार प्रतच लागते. त्या प्रतीवरून वही खरोखर उभी राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहणेही त्यातच आले.

राहिला प्रश्न अँटिव्हायरसच्या स्वतःच्या दुरुस्त्यांचा. त्याची खुणांची यादी दिवसातून अनेकदा बदलते, आणि ती करणाऱ्यांच्याही हातून चुका होतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बिघडलेल्या बहुतेक यंत्रांपाशी माणसाने जाऊन ती फाइल काढून टाकावी लागली. अशी फाइल क्लस्टरच्या दोन्ही सर्व्हरनी एकाच मिनिटाला घेतली, तर जोडी असून नसल्यासारखी होते. म्हणून जिथे शक्य असेल तिथे नवी आवृत्ती आधी तयारीत बसलेल्या सर्व्हरवर चढवतात, एक-दोन दिवस त्याच्याकडे पाहतात, रात्री गर्दी नसताना काम त्याच्याकडे सोपवतात आणि मग पहिल्याला हात लावतात. संपूर्ण तपासणीही दोघांची वेगवेगळ्या रात्री ठेवतात. तत्काळ तिकिटांसाठी सकाळी दहाला आणि अकराला जशी झुंबड उडते, तशी प्रत्येक डेटाबेसची आपली एक वेळ असते. ती कोणती, हे विचारल्यावाचून तपासणीचे घड्याळ लावू नये.